तारीख सरकारची, माल खाणीचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सगळ्या नव्या गाड्या विजेवर नेण्यासाठी सरकारं २०३० ची, २०३५ ची तारीख टाकून मोकळी होतात, पण तेवढ्या बॅटऱ्यांसाठी लिथियम, कोबाल्ट, निकेल आणायचं कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि शेवटी तुम्ही एक टोमणाही मारलाय, की तेलवाल्यांच्या दारातून उठून चीनच्या दारात जाऊन बसायचं, तर मिळवलं काय?

मी १९ वर्षं बॅटरीचा कच्चा माल विकत घेण्याचं काम करते. आधी कॅथोडच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाच्या मालाच्या कारखान्यात होते, आता सेल, म्हणजे बॅटरीतले सुटे घटक, बनवणाऱ्या कंपनीत आहे. माझं उत्तर तटस्थ नाही हे आधीच सांगते. गाड्या विजेवर गेल्या नाहीत तर मला दुसरं काम शोधावं लागेल. पण पुरवठा नेमका कुठे अडतो हे याच कामात रोज दिसतं, आणि तो अडतो ती जागा बहुतेकांना वाटते तिथे नसते.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माल आहे का? तो वेळेवर मिळेल का? आणि कोणाच्या हातून मिळेल? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं अवघड आहे, आणि तिसऱ्याचं उत्तर दर सहा महिन्यांनी बदलतं.

पहिला आधी संपवू. ६० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत शुद्ध लिथियम धरलं तर साधारण ६ किलो जातं. २०२४ मध्ये जगात सुमारे २ लाख ४० हजार टन लिथियम निघालं. नुसता भागाकार केला तर ४ कोटी गाड्या होतात. त्यातून ट्रक, वीजसाठवणुकीच्या बॅटऱ्या, मोबाइल, काच आणि सिरॅमिक, शिवाय वाटेतली घट वजा करा. तरी त्या वर्षी विकल्या गेलेल्या १ कोटी ७० लाखांहून अधिक इलेक्ट्रिक गाड्यांना, ज्यांत प्लग-इन हायब्रिडही आल्या, माल पुरला. पुरला कसला, उरला. जमिनीतला काढण्याजोगा साठा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या २०२५ च्या हिशेबात सुमारे ३ कोटी टन होता. ६ किलोने भागा, ५०० कोटी गाड्या येतात. म्हणजे आडात पाणी भरपूर आहे. प्रश्न रहाटाचा आणि दोराचा आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बातम्यांत 'साठा' हा शब्द फार सैल वापरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा लिथियम साठा 'सापडल्याची' बातमी आली, तेव्हा दिवसभर मला लोकांचे अभिनंदनाचे निरोप येत होते, जणू तो मीच पुरून ठेवला होता. तो आकडा अनुमानित संसाधनाचा होता, म्हणजे मोजक्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज. धातुकही चिकणमातीच्या जातीचं, आणि त्यातून लिथियम काढण्याची पद्धत व्यापारी प्रमाणावर जगात अजून रुळलेली नाही. पुढे लिलाव काढला तर पुरेसे बोलीदार आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. सापडणं, मोजणं, काढणं परवडणं आणि प्रत्यक्ष काढणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बातमी पहिलीची असते, वाचणारा चौथी समजून बसतो.

आता सक्तीकडे येते. 'सरकारने पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली' असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात तशी सरळ बंदी फार कमी ठिकाणी आहे. इथिओपियाने २०२४ मध्ये इंधनावरच्या गाड्यांची आयातच थांबवली, ती खरी बंदी. युरोपीय संघाचा नियम असा की कंपनीने विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साइड अमुक मर्यादेखाली हवा. मर्यादा ओलांडली तर दर ग्रॅममागे, दर गाडीमागे ९५ युरो दंड. ब्रिटनने विकलेल्या नव्या गाड्यांत विजेच्या किती हव्यात याची टक्केवारी ठरवून दिली: २०२४ मध्ये २२ टक्के, २०२५ मध्ये २८, असं चढत चढत २०३० ला ८०. चीनने गुणांची पद्धत आणली. विजेच्या गाड्या बनवून ठरावीक गुण कमवा, नाहीतर स्पर्धकाकडून विकत घ्या. नॉर्वेने तर बंदी घातलीच नाही, पेट्रोल गाडीवर कर एवढा लावला की लोक आपण होऊन वळले; २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ९ विजेच्या होत्या.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. बंधन गाडी बनवणाऱ्यावर, आणणाऱ्यावर नाहीतर घेणाऱ्यावर आहे. जास्त माल काढायचं बंधन खाणवाल्यावर कुणीच घातलेलं नाही. चिलीच्या वाळवंटातल्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या खाणीतल्या माणसाला युरोपच्या नियमाने एक टन जास्त काढायला कुणी भाग पाडू शकत नाही. नियम कारवाल्याला ढकलतो, कारवाला सेलवाल्याला, सेलवाला मला, मी रिफायनरीला, आणि रिफायनरी खाणीला. वरून जोराने दिलेला धक्का खाली पोचेपर्यंत कुजबुज होऊन जातो. आणि खाणवाला बँकेत जातो तेव्हा बँक कायदा बघत नाही, माझ्या सहीचा करार बघते.

अवघड भाग इथून सुरू होतो. साखळीतल्या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. निवडणूक चार-पाच वर्षांनी येते. नवीन गाडी तयार करायला साधारण तेवढाच वेळ जातो. सेलचा कारखाना दोन-तीन वर्षांत उभा राहतो, रिफायनरीला जरा जास्त लागतात. आणि खाण? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अभ्यासात २०१० ते २०१९ या काळात सुरू झालेल्या मोठ्या खाणींना शोधापासून पहिल्या उत्पादनापर्यंत सरासरी १६ वर्षं लागली होती. अमेरिकेतल्या नेवाडात थॅकर पास नावाची जागा आहे. तिथलं लिथियम १९७० च्या दशकापासून माहीत आहे, बांधकाम सुरू झालं २०२३ मध्ये. सर्बियातल्या जाडार खोऱ्यात २००४ मध्ये एक नवंच खनिज सापडलं, लिथियम आणि बोरॉन दोन्ही असलेलं. लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०२२ मध्ये सरकारने परवाने काढून घेतले, २०२४ मध्ये परत दिले, आणि आजही तिथून किलोभर लिथियम निघालेलं नाही. खोऱ्यातल्या लोकांना पाण्याची भीती वाटते, आणि ती खोटी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणजे २०३५ च्या गाडीत जाणारं लिथियम ज्या नव्या खाणीतून यायचं, ती आज निदान परवान्यांच्या टप्प्यावर तरी असायला हवी. काही आहेत, पुरेशा आहेत का हे भावावर ठरेल. आणि भावाची गोष्ट सांगायची तर मला माझी एक चूक कबूल करावी लागेल.

२०२१ मध्ये सगळीकडे एकदम तारखा जाहीर झाल्या, कारवाल्यांनी 'अमुक सालापर्यंत पूर्ण इलेक्ट्रिक' अशा घोषणा केल्या, आणि माल मिळेना. लिथियम ज्या रूपांत विकलं जातं त्यांतल्या एकाचा, लिथियम कार्बोनेटचा, चीनमधला भाव २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेला. त्याच्या दोन वर्षं आधी तो ५० हजारांखाली होता. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या धातू बाजारात निकेल काही तासांत टनाला १ लाख डॉलरच्या वर गेलं. बाजार थांबवून त्या दिवशीचे सौदेच रद्द करावे लागले. त्या धास्तीत मी लिथियमच्या एका पुरवठादाराशी तीन वर्षांचा करार केला आणि भावाला खालचा टेकू मान्य केला, म्हणजे बाजार कितीही पडला तरी आम्ही अमुक भावाखाली जाणार नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. २०२३ संपता संपता लिथियमचा भाव लाख युआनच्या आसपास आला, २०२५ च्या मध्यावर ६० हजारांपर्यंत. माझ्या करारातला टेकू त्याच्या कितीतरी वर होता. दर महिन्याचं बिल आलं की लेखा विभागातला एक गृहस्थ ते काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून जायचा. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

माझं नुकसान फार महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की भाव पडल्यावर खाणी बंद पडल्या, विस्तार थांबले, आणि जो माल २०३० नंतर यायचा होता त्याचं काम पुढे ढकललं गेलं. एका वर्षी माल उरतो म्हणून पुढे कमी पडतो. सक्तीच्या तारखा सरळ रेषेत चढतात आणि खाणकाम लाटांवर चालतं. टंचाईच्या बातम्या नेहमी या दोहोंच्या फटीतून येतात.

आता रहाटाकडे येऊ, म्हणजे शुद्धीकरणाकडे. प्रश्नाचं खरं मूळ मला इथे दिसतं.

सर्वांत जास्त लिथियम खणतो ऑस्ट्रेलिया, पण तिथलं बहुतेक धातुक चीनमध्ये शुद्ध होतं. तीन-चतुर्थांशाच्या आसपास कोबाल्ट निघतं काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात, शुद्ध होतं मुख्यतः चीनमध्ये. ग्रॅफाइटचं तर विचारूच नका. तुमच्या प्रश्नात त्याचं नाव नाही, कुणाच्याच प्रश्नात नसतं, पण बॅटरीत लिथियमच्या जवळजवळ दसपट ग्रॅफाइट असतं, आणि बॅटरीच्या प्रतीचं ९० टक्क्यांहून अधिक चीनमधून येतं. चीनकडे देवाने जास्त खनिज दिलंय असं नाही. रसायनांचा हा घाणेरडा, कमी नफ्याचा, कटकटीचा टप्पा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाकीच्यांना नको होता, चीनने तो घेतला आणि रोज थोडा थोडा सुधारला.

'दुसरीकडे रिफायनरी बांधा की' हे वाक्य बैठकीत फार सोपं वाटतं. लिथियम हायड्रॉक्साइडचंच बघा. जास्त निकेल असलेल्या कॅथोडला हेच लागतं. पांढरी, साखरेसारखी पूड. उघड्या हवेत ठेवली तर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, हळूहळू कार्बोनेट होते, ढेकळं धरते. हाताला लागली तर भाजते. एका नव्या, चीनबाहेरच्या कारखान्याचा पहिला लॉट आमच्याकडे आला तेव्हा प्रमाणपत्रावर सगळं उत्तम होतं. आम्ही त्याची खळ करून त्यात चुंबकाची कांडी काही तास फिरवली. कांडी बाहेर काढून धुतली, तिला चिकटलेलं जे काही होतं ते आम्लात विरघळवून यंत्रावर घातलं. डोळ्यांना कांडीवर काहीच दिसत नव्हतं. यंत्राला लोखंड दिसलं, अब्जात काहीशे भाग. आमची मर्यादा शंभराच्याही खाली होती. एवढ्याशा लोखंडाने काय होतं? कण कॅथोडमध्ये विरघळतो, पलीकडे ॲनोडवर, म्हणजे ऋण टोकावर, जाऊन साचतो, सुईसारखा वाढत दोघांमधल्या पडद्याला भोक पाडतो, आणि कधीतरी गाडी उभ्या जागी पेटते. ते लोखंड त्यांच्या पॅकिंग लाइनवरच्या एका झिजलेल्या स्क्रूमधून येत होतं. हे शोधायला त्यांना पाच महिने लागले.

मग पुन्हा नमुना. आधी काही किलो, मग काहीशे किलो, मग टनावारी. प्रत्येक टप्प्यावर सेल बनवायचे, महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करत ठेवायचे, मग कारवाल्याची मंजुरी. माझ्या अनुभवात नव्या पुरवठादाराला पहिल्या नमुन्यापासून पहिल्या मोठ्या ऑर्डरपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. तोवर त्याचा कारखाना चालू, पगार चालू, आणि बाजारात त्याच्याहून स्वस्त चिनी माल हजर. ऑस्ट्रेलियात असे कारखाने उभे राहिले, पूर्ण क्षमतेला पोचता पोचता भाव पडले, आणि त्यांतल्या काहींना लाइन बंद करावी लागली.

इथवरचं एकत्र धरलं तर असं दिसतं: खनिज आहे, खाण उशिराने येते, आणि मधला टप्पा एकाच दारातून जातो. तिसऱ्या प्रश्नाचा धागा या दारातच अडकलाय.

ते दार बंद करता येतं का? अर्धवट बंद करून दाखवलंच की. ग्रॅफाइटच्या निर्यातीला डिसेंबर २०२३ पासून परवाना लागू लागला. एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर तेच झालं. मे-जूनमध्ये युरोप, अमेरिका, जपानमधल्या काही गाड्यांच्या लाइन थांबल्या. यात गंमत अशी की त्यांत पेट्रोलच्या गाड्याही होत्या, कारण ती छोटी चुंबकं पॉवर स्टिअरिंगमध्ये आणि सेन्सरमध्येही बसतात. तेव्हा 'इलेक्ट्रिक नको, म्हणजे चीनपासून सुटका' हे गणित बरोबर नाही.

आणि सक्ती काही फक्त गाड्या विकत घेणाऱ्या देशांकडूनच येते असं नाही. ती दोन्ही टोकांनी येते, याची चर्चा फार कमी होते. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्चं निकेल बाहेर पाठवणं बंद केलं: कारखाने इथे टाका, मग माल घ्या. चिनी कंपन्यांनी टाकले, आणि आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल तिथून येतं, कोळशाच्या विजेवर आणि तोडलेल्या जंगलांच्या किमतीवर. झिम्बाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियम धातुकाची निर्यात रोखली. काँगोने फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव सावरण्यासाठी कोबाल्टची निर्यातच थांबवली, ऑक्टोबरपासून कोटा लावला, आणि २०२६ साठी वर्षाचे ९६,६०० टन ठरवले. त्या देशांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या माती विकायची आणि वस्तू विकत घ्यायची, हे कुणी का सोसावं? पण खरेदीदार म्हणून माझी अवस्था अशी की एक सरकार सांगतं अमुक देशाचा माल घेऊ नको, दुसरं सांगतं आमच्याकडून कच्चा मिळणारच नाही, आणि तिसरं सांगतं २०३० पर्यंत गाड्या हव्यातच.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. २०२२ च्या कायद्याने गाडीमागे ७,५०० डॉलरची करसवलत दिली, पण त्यातली निम्मी खनिजं कुठून आली यावर आणि निम्मी बॅटरीचे भाग कुठे बनले यावर टांगली. मालाचा उगम दाखवणाऱ्या कागदांसाठी आमच्याकडे वेगळी दोन माणसं घ्यावी लागली. पुरवठादारांनी त्या अटींत बसावं म्हणून कारखान्यांच्या जागा बदलल्या. आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ती सवलत संपली. ज्यांनी तिच्या भरवशावर कर्ज काढलं होतं त्यांचं कर्ज मात्र संपलं नाही.

तेलाशी तुलना तुम्ही केलीच आहे, तर एक फरक नीट समजून घ्या. तेल हा रोजचा रतीब आहे. जग दिवसाला सुमारे १० कोटी पिंपं जाळतं. रतीब थांबला की रस्त्यावरची गाडी थांबते. लिथियम, निकेल ही भांड्यासारखी आहेत, एकदा घेतली की घरात राहतात. उद्या लिथियम पूर्ण बंद झालं तर नवीन गाड्या बनणार नाहीत, पण विकलेली एकही गाडी थांबणार नाही. म्हणून 'एका गुलामीतून दुसऱ्या गुलामीत' हे मला पटत नाही. पहिल्यात फास सगळ्या देशाच्या गळ्याला लागतो, दुसऱ्यात उद्योगाच्या. दुसऱ्यातही नोकऱ्या जातात, कारखाने बंद पडतात, हे खरं. पण दवाखान्याची गाडी चालू राहते.

दुसरा फरक म्हणजे बॅटरीची कृती बदलता येते. आठ-दहा वर्षांपूर्वी सगळे कोबाल्टवरून रडत होते. आधी निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट सारख्या प्रमाणात घालायचे; मग कोबाल्ट दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणलं. पुढे लोह-फॉस्फेटची बॅटरी आली, म्हणजे होती जुनीच, पण जड म्हणून नाकारलेली. चीनने ती चिकाटीने सुधारली, आणि २०२४ पर्यंत जगातल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत तिचा वाटा निम्म्याच्या जवळ गेला. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. म्हणून '२०४० पर्यंत कोबाल्ट संपेल' अशा आलेखांवर मी फार विश्वास ठेवत नाही. आलेख काढणारा आजचीच कृती तेव्हाही चालेल असं धरून चालतो. अर्थात लोह-फॉस्फेट जवळजवळ सगळं चीनमध्येच बनतं. धातूंची अडचण सुटली, दाराची राहिली. सोडियमची बॅटरी आता बाजारात येतेय, तिला लिथियमच लागत नाही. छोट्या गाड्यांना आणि साठवणुकीला ती चालेल, लांबच्या प्रवासाच्या गाडीसाठी अजून जड पडते.

असं पूर्वीही झालंय. अमेरिकेने १९७० मध्ये हवेचा कायदा कडक केला आणि १९७५ पासून गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे डबे, बसू लागले. त्यांना लागणारं प्लॅटिनम-पॅलेडियम यायचं मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि सोव्हिएत रशियातून. शीतयुद्धाच्या ऐन काळात! कुणाला आज ते आठवतही नाही. प्लॅटिनम महागलं तेव्हा पॅलेडियम वाढवलं, पॅलेडियम महागलं तेव्हा उलट केलं, आणि भंगारातल्या परिवर्तकांतून धातू परत काढण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला.

बॅटऱ्यांचंही पुनर्चक्रीकरण होईल, पण २०३० च्या आत त्यावर फार भिस्त ठेवू नका. बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा जास्त टिकतायत, त्यामुळे भंगारच कमी येतंय. आज पुनर्चक्रीकरणाला जातो तो बराचसा माल कारखान्यातलाच नापास माल असतो. युरोपचा नियमही हे ओळखून आहे: ऑगस्ट २०३१ पासून नव्या बॅटरीतलं ६ टक्के लिथियम आणि १६ टक्के कोबाल्ट पुनर्वापराचं हवं, २०३६ पासून १२ आणि २६. पन्नास किंवा ऐंशी टक्के म्हटलेलं नाही.

कोबाल्टच्या खाणींत राबणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय. ते खरं आहे, आणि कागदांनी ते पूर्ण थांबत नाही. हाताने खणलेलं धातुक पोत्यांतून खरेदी-डेपोवर येतं, तिथे दहा ठिकाणचं एकत्र ओतलं जातं, आणि एकदा ढीग झाला की कुठलं पोतं कुणी खणलं हे सांगणारं यंत्र माझ्याकडे नाही. आम्ही मोठ्या यांत्रिक खाणींचाच माल घेतो. त्याने आमचं मन साफ राहतं, पण हाताने खणणारा त्याच दिवशी कमी भावात दुसऱ्याला विकतो. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही.

मग सक्ती असावी की नाही? माझं मत: असावी, पण चढाच्या स्वरूपात, एका कड्यासारख्या तारखेच्या स्वरूपात नको. आणि एकदा लावली की हलवू नये. कॅलिफोर्नियाने १९९० मध्ये ठरवलं होतं की १९९८ पासून २ टक्के आणि २००३ पासून १० टक्के गाड्या शून्य-उत्सर्जनाच्या हव्यात. १९९६ मध्ये सुरुवातीचे टप्पे मागे घेतले. असं झालं की अशा नियमाच्या भरवशावर पैसे लावायला फार कुणी धजत नाही. ब्रिटनने २०३० ची तारीख २०२३ मध्ये २०३५ केली, २०२५ मध्ये शुद्ध पेट्रोल-डिझेलसाठी परत २०३० वर आणली. युरोपात २०२५ चं उद्दिष्ट तीन वर्षांच्या सरासरीवर मोजायची मुभा दिली गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०३५ चं १०० टक्क्यांचं उद्दिष्ट ९० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. दर बदलामागे काहीतरी कारण असतं, कधी ते पटण्यासारखंही असतं. पण कारवाल्याला सवलत मिळाली की तो सुटकेचा श्वास टाकतो, आणि खाणवाल्याचा हिशेब मोडतो. कडक तारखेपेक्षा हलणारी तारीख पुरवठ्याचं जास्त नुकसान करते, हे माझं म्हणणं आहे. माझे काही सहकारी याच्या उलट बोलतात, आणि ते कारवाल्यांकडून आलेले आहेत हा योगायोग नसावा.

देशागणिक हे बदलेल, हे कबूल. मोठी बाजारपेठ असलेला देश सक्तीच्या जोरावर कारखाने आपल्याकडे खेचू शकतो. छोट्या देशाने तीच सक्ती लावली तर तो फक्त आयातदार होतो, आणि त्याने आधी चार्जिंग आणि वीज बघितलेली बरी. दुचाकी-तिचाकी जास्त असतील तर छोट्या बॅटऱ्यांत कमी लिथियममध्ये जास्त पेट्रोल वाचतं. मोठ्या एसयूव्ही असतील तर उलट. एका मोठ्या एसयूव्हीच्या बॅटरीतून ३० ते ४० स्कूटर होतात, आणि ही निवड खाण नाही, गिऱ्हाईक आणि करपद्धती करते.

गेल्या महिन्यात एका पुरवठादाराचा निरोप आला. त्याला खाणीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी कर्ज हवंय, आणि बँकेला आमच्याकडून २०३१ ते २०३५ चे आकडे हवेत, दर वर्षी किती टन. आमच्या कारवाल्या गिऱ्हाइकांनी मला एकाच वर्षासाठी दोन आकडे दिले होते, एक नियम टिकला तर आणि एक नाही टिकला तर. दुसरा पहिल्याच्या जवळजवळ निम्मा. मी दोन्ही पाठवले. त्याचं उलट उत्तर एका ओळीचं होतं: बँक म्हणते, एकच आकडा द्या.

मी अजून दिलेला नाही.